जीवकसुत्ताचा उत्तरार्ध

मांसाहाराचा प्रश्न निघाला की आपल्याकडील धम्मविषयक लेखनात मज्झिमनिकायातील जीवकसुत्ताचा दाखला हमखास दिला जातो. प्राणी आपल्यासाठी मारल्याचे पाहिले (दिट्ठ), ऐकले (सुत) अथवा तशी शंका आली (परिसंकित), तर भिक्खूने ते मांस स्वीकारू नये. या तिन्ही दोषांपासून मुक्त असल्यास स्वीकारावे. दाखला अचूक आहे. परंतु चर्चा तेथेच थांबते, हा आमचा आक्षेप आहे.

धर्मानंद कोसंबी यांच्या ‘भगवान बुद्ध’ (१९४०-४१) या ग्रंथात मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण आहे. तत्कालीन श्रमण काय खात होते, हा त्यातील मुख्य प्रश्न. तो ऐतिहासिक आहे, आणि जैन आगमांच्या आधारे तो मांडल्यामुळे त्यावर मोठा वादही झाला. बोधिसत्त्व बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ (१९५७) मध्ये त्याच प्रश्नाला नैतिक वळण दिले. बुद्धांची अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, असे सांगून त्यांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला. नियम पाळला की माणूस मोकळा होतो. तत्त्व मात्र प्रत्येक वेळी विवेक मागते.

हा विवेक कशाचा करावयाचा, याचे उत्तर जीवकसुत्ताच्या उत्तरार्धात आहे. तथागतांसाठी वा त्यांच्या श्रावकांसाठी प्राणी मारणाऱ्यास पाच प्रकारे अपुण्य लागते, असे तेथे म्हटले आहे. ‘तो प्राणी आणा’ ही आज्ञा पहिले. गळ्याला हिसके बसत ओढून आणताना त्या प्राण्याला होणारे दुःख दुसरे. ‘मारा’ ही आज्ञा तिसरे. मारताना त्याला होणारे दुःख चौथे. आणि असे अकल्पनीय अन्न वाढणे पाचवे. पाचांपैकी दोन स्थाने प्राण्याच्या वेदनेची आहेत, आणि त्यांतील एक तर मृत्यूपूर्वीच्या वेदनेचे आहे. मरण आणि यातना यांचा हिशेब भगवंतांनी वेगळा ठेवला.

आता धनजसारख्या (ता. कारंजा, जि. वाशीम) गावातील कोंबडीचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. उपासक बोट दाखवितो. कोंबडी तोलली जाते आणि त्याच्यादेखत कापली जाते. ‘आणा’ आणि ‘मारा’ ही दोन्ही वाक्ये येथे गिऱ्हाइकाची असतात. उलट शहरात बंद पाकिटातले मांस घेणाऱ्याने पाहिलेले, ऐकलेले काहीच नसते. म्हणून तो शुद्ध ठरतो काय? सुत्तातील नियम भिक्षा घेणाऱ्यासाठी आहे, विकत घेणाऱ्यासाठी नाही. तरीही वेदना भोगणारा प्राणी दोन्हीकडे सारखाच. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना पंखही पसरता येऊ नयेत अशा पिंजऱ्यांत आयुष्यभर कोंडले जाते. या प्रश्नाची दखल भारतीय विधी आयोगाने जुलै २०१७ च्या २६९ व्या अहवालात घेतली आहे. त्रिकोटीचे शब्द पाळूनही दुसऱ्या स्थानाचे अपुण्य येथे साचतच राहते.

मात्र या विवेचनाचा उपयोग कोणी सोवळ्याच्या समर्थनासाठी करू नये. सुत्तनिपातातील आमगंधसुत्ताने स्पष्ट केले आहे की दुर्गंध मांसाचा नसून हिंसा, चोरी, असत्य यांचा आहे. आपल्या पूर्वजांच्या ताटावरून त्यांना अस्पृश्य ठरविले गेले; बाबासाहेबांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) मध्ये त्याची मीमांसा केली आहे. त्यामुळे ‘काय खातोस?’ या प्रश्नाची आपल्या समाजाला चीड आहे आणि ती न्याय्य आहे. आमचा प्रश्न निराळा आहे: ते ताटात येण्यापूर्वी कसे जगले?

हा प्रश्न गरिबावर लादण्याचाही नाही. भूमिहीन बाई अंगणात गावठी कोंबड्या मोकळ्या सोडते, दोन शेळ्या पाळते. तिची अंडी घेणे, तिच्या मेहनतीला रास्त दाम देणे, प्राण्यांना गाडीत कोंबून, पाय बांधून नेणाऱ्याकडून न घेणे, एवढे तरी पगारदार उपासकाला शक्य आहे. ज्याला तेवढीही निवड नाही, त्याला दोष देणे ही करुणा नव्हे.

जीवकसुत्ताचा पूर्वार्ध आपण विरोधकांना उत्तर देण्यासाठी पाठ केला. उत्तरार्ध आता स्वतःला विचारण्यासाठी वाचावा, एवढेच आमचे म्हणणे आहे.