परांजपे, सई
परांजपे, सई : (१९ मार्च १९३८ –    ). मराठी नाटककार आणि हिंदी चित्रपटांच्या पटकथालेखिका व दिग्दर्शिका. जन्म लखनौ येथे. गणितज्ञ र. पु. परांजपे हे त्यांचे आजोबा. आई शकुंतला परांजपे या संततिनियमनाच्या प्रचारक व लेखिका. प्रभातच्या कुंकू (१९३७) या चित्रपटात त्यांनी भूमिकाही केली होती. सईंचे मुलांचा मेवा हे पहिले पुस्तक त्यांच्या वयाच्या आठव्या वर्षी प्रसिद्ध झाले. पुणे आकाशवाणीवर निवेदिका म्हणून काम केल्यानंतर त्यांनी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिक्षण पूर्ण केले (१९६३). पुढे दिल्ली दूरदर्शनसाठी त्यांनी विपुल लेखन-दिग्दर्शन केले. जास्वंदी, सक्खे शेजारी, माझा खेळ मांडू दे ही त्यांची मराठी नाटके होत.

त्यांच्या विनोदाचे वर्णन सामान्यतः ‘निर्मळ’ व ‘हलकाफुलका’ या शब्दांत केले जाते. हे वर्णन खरे असले, तरी अपुरे आहे. त्यांच्या दोन प्रमुख विनोदी चित्रपटांचा पाया थापेवर रचलेला आहे. थाप मारणारा रंगतदार, ऐकणारा विश्वास ठेवण्यास उत्सुक आणि तिची किंमत मोजणारी मात्र एखादी स्त्री, अशी ही रचना होय.

चश्मेबद्दूर (१९८१) मध्ये दिल्लीत एकत्र राहणाऱ्या तीन तरुणांपैकी ओमी आणि जोमो हे दोघे नेहा या मुलीकडून फजिती पावून परततात व मित्रांना मात्र आपल्या प्रणयविजयाच्या कहाण्या ऐकवितात. या कहाण्या दिग्दर्शिकेने हिंदी चित्रपटांतील प्रणयप्रसंगांच्या विडंबनातून पडद्यावर आणल्या आहेत. प्रेक्षकास खरे काय घडले ते ठाऊक असते आणि म्हणूनच तो हसतो. पुढे तिसरा मित्र सिद्धार्थ याच नेहाच्या प्रेमात पडतो, तेव्हा त्याच थापा तिच्या चारित्र्याविरुद्ध पुरावा ठरतात. अभ्यासू, सुस्वभावी सिद्धार्थ तिला एक शब्दही न विचारता मित्रांवर विश्वास ठेवतो. आपण ज्याला हसलो ते एवढे निरुपद्रवी नव्हते, ही जाणीव येथे प्रेक्षकास होते. दुर्दैवाने कथा लगेच अपहरणाच्या बनावाकडे वळते आणि धावपळीच्या प्रहसनात नेहाच्या अपमानाचा प्रश्न विरून जातो. चित्रपटाचा हा शेवटचा भाग सर्वांत दुबळा म्हणावा लागेल. तरीही नेहा घरोघरी ‘चमको’ साबणचुरा विकावयास येते, तो प्रसंग विनोदी संवादलेखनाचा उत्तम नमुना आहे. त्यात कोटी जवळजवळ नाही. हसू येते ते दोघांच्याही संकोचामुळे. २०१३ मध्ये या चित्रपटाची नवी आवृत्ती निघाली व त्याच सुमारास मूळ चित्रपटही पुन्हा प्रदर्शित झाला.

शं. गो. साठे यांच्या ससा आणि कासव या नाटकावर आधारलेला कथा (१९८३) हा याहून अधिक धीट चित्रपट होय. मुंबईच्या चाळीत राहणारा राजाराम जोशी हा कारकून शेजारच्या संध्येवर मूकपणे प्रेम करतो. त्याचा मित्र बाशू पाहुणा म्हणून येतो, गोड बोलून सगळी चाळ खिशात घालतो, संध्येला लग्नाचे वचन देतो आणि पसार होतो. पात्रयोजनेतच या चित्रपटाचे मर्म आहे. चश्मेबद्दूरमधील सज्जन सिद्धार्थ, म्हणजे फारुख शेख, येथे लबाड बाशू होतो, तर नसीरुद्दीन शाह यांच्याकडे भोळ्या राजारामाची भूमिका येते. प्रेक्षकांच्या मनात फारुख शेख यांच्याविषयी जो विश्वास होता, तोच दिग्दर्शिकेने बाशूच्या हाती भांडवल म्हणून दिला. चाळ फसते आणि प्रेक्षकही फसतो.

शेवटी संध्या आपला बाशूशी आलेला संबंध राजारामास सांगते व तो सर्व जाणून तिचा स्वीकार करतो. नीतिकथेच्या हिशेबी कासव जिंकते. पण सशाला कोणतीही शिक्षा होत नाही, आणि कासवाच्या विजयात त्याच्या कर्तृत्वाचा वाटाही फारसा नाही. अनेकांना हा शेवट मिळमिळीत वाटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते कथेचा खरा तिखटपणा येथेच आहे. मात्र संध्येच्या मनाचा थांग लावण्यास लेखिकेने याहून अधिक वेळ द्यावयास हवा होता, हा आक्षेप मान्य करावा लागतो. या चित्रपटास उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

स्पर्श (१९८०) हा विनोदी चित्रपट नव्हे. तथापि अंधशाळेच्या मुख्याध्यापकाची कीव न करता त्याच्या ताठरपणाकडे मिस्किलपणे पाहण्याची त्यातील दृष्टी विनोदकाराचीच आहे. त्याच्या पटकथेसाठी सईंना राष्ट्रीय पुरस्कार लाभला. गिरणी कामगारांच्या जीवनावरील दिशा (१९९०) मध्ये एकाच खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या कामगारांची चित्रे थट्टेने सुरू होतात आणि थट्टा न सोडताच करुण होतात. साज (१९९७) या चित्रपटात मात्र हा तोल सापडत नाही.

भारत सरकारने त्यांना २००६ मध्ये पद्मभूषण हा किताब दिला. सय : माझा कलाप्रवास हे त्यांचे आत्मकथन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले.