ठावठिकाणा असलेला सिनेमा

दरवर्षी मे महिन्यात कान महोत्सवाच्या बातम्या आपल्याकडे येतात त्या मुख्यतः गाऊनच्या. कोणत्या तारकेने कोणत्या डिझायनरचं काय घातलं, कोणाचा घोळ सावरायला किती माणसं लागली, यावर बारा दिवस सहज निघतात. १४ ते २५ मे २०२४ या काळात झालेल्या ७७व्या महोत्सवाने मात्र आपल्या बातमीदारांची पंचाईत केली. मुख्य स्पर्धेत चक्क एक भारतीय चित्रपट होता. शाजी करुण यांच्या १९९४च्या ‘स्वाहम’नंतर पहिल्यांदाच. पायल कपाडियाचा ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ ग्राँ प्री, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाचा सन्मान घेऊन आला आणि मग ‘भारताचा झेंडा’ वगैरे मथळे झाले. त्या जल्लोषात उरलेले एकवीस चित्रपट कोणते होते, याची कोणी फारशी विचारपूस केली नाही. स्पर्धेतल्या चित्रपटाचं मोल तर सोबतच्या चित्रपटांशी ताडूनच कळतं.

यादी भारदस्त होती. फ्रान्सिस फोर्ड कपोला, डेव्हिड क्रोनेनबर्ग, पॉल श्रेडर, पाओलो सोरेंतिनो, जाक ओदियार, यॉर्गोस लॅंथिमोस, जिया झांगके. यातल्या निम्म्यांवर तरी फिल्म सोसायट्यांच्या दोन पिढ्या पोसल्या गेल्या आहेत. बावीस चित्रपटांत स्त्री-दिग्दर्शकांचे फक्त चार. परीक्षक मंडळाची अध्यक्ष होती ग्रेटा गर्विग, आणि मंडळात हिरोकाझू कोरे-एडा, नादिन लबाकी अशी जाणती मंडळी. पुढच्या वर्षभरात यातले बरेचसे चित्रपट थिएटरांत, महोत्सवांत, ओटीटीवर येत गेले आणि हळूहळू एक गोष्ट ठळक झाली. ज्या चित्रपटांनी एक गल्ली, एक फ्लॅट, एक मोहल्ला घट्ट धरला, ते टिकले. ज्यांनी जागेला पाठीमागचा पडदा मानलं, ते कितीही झगमगले तरी पोकळ निघाले.

पोकळपणाचा कळस कपोलाने गाठला. ‘मेगालोपोलिस’ची कल्पना तो चाळीसेक वर्षं उराशी बाळगून होता. शेवटी आपल्या द्राक्षमळ्यांच्या व्यवसायातला हिस्सा विकून सुमारे १२ कोटी डॉलर त्याने स्वतः उभे केले. या वयात एवढी जोखीम घेणाऱ्या माणसापुढे हात जोडावेसे वाटतात, पण चित्रपट पाहताना ते जोडलेले हात कपाळाला लागतात. ‘न्यू रोम’ नावाचं शहर आहे, त्यात अ‍ॅडम ड्रायव्हरचा द्रष्टा वास्तुरचनाकार आहे, त्याला काळ थांबवता येतो. एक गोष्ट मात्र कुठेच दिसत नाही: या शहरात लोक राहतात कुठे, कामावर जातात कसे, पाणी किती वाजता येतं. कानच्या खेळात मध्येच एक जिवंत माणूस पडद्यासमोर येऊन पडद्यावरच्या नायकाला प्रश्न विचारतो, अशी योजना होती. शहराच्या भवितव्यावरच्या या चित्रपटात हाडामांसाचा नागरिक भेटतो तो एवढाच.

ओदियारच्या ‘एमिलिया पेरेझ’चं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. मेक्सिकोतला अमली पदार्थांचा सरदार लिंगबदल करून स्त्री होतो आणि बेपत्ता झालेल्यांच्या नातेवाइकांसाठी संस्था काढतो. हे सगळं गाण्या-नाचांत. दिग्दर्शक फ्रेंच, चित्रीकरण बहुतांशी पॅरिसजवळच्या स्टुडिओत, प्रमुख नट्यांपैकी मेक्सिकोची एकटी आद्रिआना पास. मेक्सिकोत बेपत्ता माणसांची सरकारी नोंदच एक लाखाच्या वर आहे. तिथल्या प्रेक्षकांनी उच्चारांपासून आशयापर्यंत चित्रपटाचे वाभाडे काढले. गर्विगच्या मंडळाला मात्र तो भलताच आवडला. ज्युरी प्राइझ तर दिलंच, शिवाय चार अभिनेत्रींना मिळून सर्वोत्तम अभिनेत्रीचा मान दिला. कार्ला सोफिया गास्कोनच्या रूपाने हा मान मिळवणारी पहिली ट्रान्स अभिनेत्री इतिहासात नोंदली गेली, याचं महत्त्व आहेच. पण दुसऱ्याच्या घरातल्या मयताला सुरेल चाल लावायची, तर निदान त्या घराचा उंबरा ओलांडलेला असावा.

कोराली फार्झाचा ‘द सब्स्टन्स’ या माझ्या म्हणण्याला अपवाद वाटेल. तोही फ्रान्समध्ये चित्रित झालेला हॉलीवूडचा चित्रपट, आणि त्यातलं हॉलीवूड कुठल्याही नकाशावर सापडणार नाही. पण फार्झाला त्या शहराशी देणंघेणंच नाही. तिची जागा म्हणजे पांढऱ्या फरशीची एक न्हाणी. वय झालं म्हणून कामावरून काढलेली नटी त्या न्हाणीत आरशासमोर उभी राहते, बाहेर जेवायला जाण्यासाठी लिपस्टिक लावते, पुसते, पुन्हा लावते आणि शेवटी तोंड इतकं खसाखसा घासते की जाणं राहून जातं. डेमी मूरचा तो एक प्रसंग नंतरच्या बादलीभर रक्ताहून भयंकर आहे. बक्षीस कशाला मिळालं, तर पटकथेला! परीक्षक कधी कधी योग्य माणसाला चुकीच्या दाराने आत घेतात.

सर्वोच्च ‘पाम दोर’ गेलं शॉन बेकरच्या ‘अनोरा’ला. टेरेन्स मॅलिकच्या २०११मधल्या ‘द ट्री ऑफ लाइफ’नंतर अमेरिकन चित्रपटाला ते पहिल्यांदा मिळालं. ब्रुकलिनचा ब्रायटन बीच हा रशियन आणि त्या बाजूच्या स्थलांतरितांचा मोहल्ला, आणि अ‍ॅनी नावाची नाचणारी मुलगी रशियन धनाढ्याच्या उनाड पोराशी लग्न करून बसते. गोष्ट म्हणाल तर शंभरदा सांगितलेली. बेकर ती उलटी करतो ते एका लांबलचक प्रसंगात. लग्न मोडायला आलेले तीन गडी बंगल्यात शिरतात आणि एका मुलीपुढे तिघांची भंबेरी उडते. त्यांचा म्होरक्या तोरोस चर्चमधला नामकरणाचा विधी अर्धवट टाकून धावत आलेला. दिवे फुटतात, नाक फुटतं, प्रेक्षक हसत सुटतात; आणि हसता हसता लक्षात येतं की ही सगळी माणसं नोकर आहेत. मारणारे नोकर, मार खाणारी नोकर, मालक मात्र पळून गेलाय. मग रात्रभर मिठाईची दुकानं, खानावळी, बिलियर्डचे अड्डे पालथे घालत त्या पोराचा शोध. तिथल्या थंडीत तोंडातून निघणारी वाफसुद्धा खरी वाटते. पुढे मार्च २०२५मध्ये या चित्रपटाला पाच ऑस्कर मिळाले, ते सोडून द्या. माझ्या लेखी हे स्पर्धेतलं दुसऱ्या नंबरचं काम. पहिलं कोणतं ते ओघात येईलच.

मोहम्मद रसूलोफ या महोत्सवाला पोचेल की नाही हेच नक्की नव्हतं. इराणी न्यायालयाने त्याला आठ वर्षांची कैद आणि फटक्यांची शिक्षा ठोठावली होती. तो डोंगरवाटेने पायी देशाबाहेर निसटला आणि लाल गालिच्यावर उभा राहिला तो इराणबाहेर येऊ न शकलेल्या आपल्या दोन कलाकारांची छायाचित्रं हातात धरून. लपूनछपून चित्रित केलेला त्याचा ‘द सीड ऑफ द सेक्रेड फिग’ बहुतेक वेळ तेहरानच्या एका फ्लॅटमध्ये घडतो. बाप न्याययंत्रणेत बढती मिळालेला अधिकारी, दोन मुली, आणि बाहेर २०२२चं हिजाबविरोधी आंदोलन. मोठ्या मुलीच्या मैत्रिणीच्या चेहऱ्यात छर्रे घुसलेले असतात. आई तिला स्वयंपाकघरात आणते आणि चिमट्याने एकेक छर्रा उपसते. ही आई काही बंडखोर नाही. मुलगी घरात नको, नवऱ्याला कळायला नको, असंच तिला मनातून वाटत असतं. तरी हात काम करत राहतात. हुकूमशाही घराच्या ओट्यापर्यंत कशी येते, ते दाखवायला रसूलोफला एवढं पुरतं. शेवटच्या तासाभरात तो शहर सोडून उजाड गावात पाठलाग रंगवतो आणि चित्रपटाची पकड ढिली होते. मंडळाने त्याला ‘विशेष पुरस्कार’ दिला. यादीत नसलेलं बक्षीस ऐन वेळी काढून दिलं की त्यात गौरव किती आणि समजूत किती, असा प्रश्न पडतोच.

पोर्तुगालच्या मिगेल गोमेसचा ‘ग्रँड टूर’ दिग्दर्शनाचं बक्षीस घेऊन गेला, ते योग्यच. १९१८ साली रंगूनमधून आपल्या वाग्दत्त वधूला चुकवत आशियाभर पळणारा ब्रिटिश अधिकारी स्टुडिओतल्या रंगवलेल्या जंगलात दिसतो, तर मधूनमधून आजच्या आशियाची खरी चित्रणं येतात. साहेबाचं पौर्वात्य स्वप्न खोटं आहे हे गोमेस लपवत नाही, उलट दाखवून देतो. ओदियारला हेच साधलं नाही. आणि जिया झांगकेला काहीच मिळू नये, हे मला अजून खटकतं. वीसेक वर्षं साठवलेल्या चित्रणातून त्याने ‘कॉट बाय द टाइड्स’ बांधला. त्यात झाओ ताओ ही अभिनेत्री आपल्या डोळ्यांदेखत वयाने वाढते आणि तिच्यामागे चीन बदलत जातो. तिच्या तोंडी जवळजवळ संवादच नाहीत.

आता कपाडिया. चित्रपट सुरू होतो तो रात्रीच्या मुंबईत. बाजारात भाजीची पोती उतरताहेत, गाड्या धावताहेत आणि कानावर वेगवेगळ्या भाषांतले अनोळखी आवाज पडतात. कुणी सांगतं, इतकी वर्षं इथे काढली तरी या शहराला घर म्हणायला जीभ रेटत नाही. मग आपण प्रभा आणि अनू या दोन मल्याळी नर्सांपर्यंत येतो. प्रभाचा नवरा लग्नानंतर लगेच जर्मनीला गेलाय, फोनही बंद झालाय. एक दिवस पार्सल येतं: जर्मन बनावटीचा राइस कुकर. पत्र नाही, चिठ्ठी नाही. रात्री प्रभा स्वयंपाकघरात जमिनीवर बसते आणि तो लालभडक कुकर मांड्यांमध्ये घेऊन कवटाळते. कनी कुसृती हा प्रसंग एकही अश्रू न काढता करते.

आणि तिसरी पार्वती. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी, गिरणी कामगाराची विधवा. छाया कदमने ती अशी उभी केलीय की परळ-लालबागच्या कुठल्याही जिन्यात भेटावी. नवऱ्याच्या माघारी खोलीचा एकही कागद तिच्याकडे नाही. बिल्डरची माणसं दार ठोठावताहेत आणि कागद नसेल तर इतकी वर्षं तू इथे राहिलीसच नाहीस, असा कायदा आहे. १९८२च्या संपानंतर गिरणगावातून जे लोक पुसले गेले, त्यांच्यावर मराठीत नाटकं झाली, कादंबऱ्या झाल्या. पण इथे भाषण नाही. पार्वती आणि प्रभा रात्री टॉवरच्या जाहिरातीखाली उभ्या राहतात आणि तिच्यावर दगड भिरकावतात. दोघी हसतात, पळतात. दुसऱ्या दिवशी टॉवर तिथेच असतो आणि पार्वती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी निघून जाते.

ऑस्करसाठी भारताची प्रवेशिका निवडायची वेळ आली तेव्हा फिल्म फेडरेशनने ‘लापता लेडीज’ पाठवला. कपाडियाचा चित्रपट म्हणजे भारतात घडणारा युरोपीय चित्रपट आहे, असं निवड समितीला वाटल्याचं फेडरेशनच्या अध्यक्षांनीच सांगितलं. बिनकागदाची खोली युरोपीय कधीपासून झाली, ते त्यांनाच ठाऊक. योगायोग असा की ‘लापता लेडीज’मध्येही छाया कदम आहेच.

निर्दोष मात्र कपाडियाचा चित्रपटही नाही. मुंबईत जी नजर इंचाइंचाची नोंद घेते, ती कोकणात गेल्यावर जरा हरखते. समुद्र, झाडी, गुहेतल्या मूर्ती, सगळं मोहक. पण इतक्या वर्षांनी एकटी विधवा गावी परतते आणि घराच्या वाट्याचा विषय निघत नाही, भाऊबंदांपैकी कोणी चौकशीला येत नाही? भाऊबंदकीशिवायचं कोकण हे पाहुण्याचं कोकण. तरीही, बावीसांत माझं ‘पाम दोर’ याच चित्रपटाला.

कपाडिया पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची विद्यार्थिनी. अध्यक्षपदाच्या नेमणुकीविरुद्ध २०१५ साली तिथे १३९ दिवस संप चालला, त्यात गुन्हे दाखल झालेल्यांत तीही होती. कानहून ती परतली तेव्हा अभिनंदनाच्या रांगेत कोण कोण उभं होतं, ते वाचकांना आठवत असेल. त्याच वर्षी चित्रपट-शाळांसाठीच्या ‘ला सिनेफ’ विभागातलं पहिलं बक्षीस मिळवणारा चिदानंद नाईकही याच संस्थेचा.

तिचा चित्रपट उभा राहिला तो मात्र फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, इटली आणि भारत यांच्या मिळून पैशावर, आणि मुख्य निर्मातेही फ्रेंच. फ्रान्समध्ये प्रत्येक चित्रपट-तिकिटातून १०.७२ टक्के कर कापला जातो आणि तो पैसा सिनेमाच्या निधीत जातो. त्यातून परदेशी दिग्दर्शकांनाही मदत मिळते. म्हणजे परळच्या पार्वतीच्या गोष्टीला पॅरिसच्या प्रेक्षकाने आपल्या तिकिटातून वर्गणी दिली. केरळ सरकार स्त्री-दिग्दर्शकांना चित्रपटासाठी थेट पैसा देतं. महाराष्ट्रातलं अनुदान चित्रपट पुरा झाल्यावर, समितीने दर्जा ठरवल्यावर मिळतं. तोवर निर्मात्याने दागिने गहाण टाकायचे. दरवर्षी कानच्या बाजारात मराठी चित्रपटांचं शिष्टमंडळ जातं, पण बाजार वेगळा आणि स्पर्धा वेगळी. शांतारामबापूंचा ‘अमर भूपाळी’ कानच्या मुख्य स्पर्धेत होता, त्याला आता सत्तरहून अधिक वर्षं झाली. चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ २०२०मध्ये व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेतून पटकथेचं बक्षीस घेऊन आला; म्हणजे आडात नाही अशातला भाग नाही. शिष्टमंडळाच्या विमानखर्चातला काही भाग दरवर्षी चार कोऱ्या पटकथांना, चित्रीकरणाआधीच, द्यावा. सरकारला एवढं जमण्यासारखं आहे.