कॅनबेराचा आराखडा आणि चित्रकाराची कल्पना

नगराचा आराखडा हा इंजिनियरच्या मोजमापाचा विषय आणि त्यावरील रंगकाम ही निव्वळ सजावट, अशी समजूत बरीच रूढ आहे. मॅरियन महोनी ग्रिफिन या विदुषीने ऑस्ट्रेलियाच्या राजधानीसाठी काढलेली चित्रे पाहिली म्हणजे ही समजूत किती अपुरी आहे ते कळून येते.

कॅनबेराच्या रचनेसाठी १९११ साली स्पर्धा जाहीर झाली. तीत १३७ आराखडे आले व १९१२ मध्ये पहिले पारितोषिक शिकागोच्या वॉल्टर बर्ली ग्रिफिन यांना मिळाले. योजना पतीच्या नावावर असली, तरी चित्रे पत्नीच्या हातची होत. दोघांनीही ती भूमी पाहिलेली नव्हती. केवळ नकाशे व देखावे यांवरच त्यांची भिस्त होती.

या चित्रांत एन्स्ली शिखरावरून दिसणारा तीन भागांतील देखावा आम्हांस सर्वश्रेष्ठ वाटतो. कापडावर उतरलेल्या त्या सोनेरी-तपकिरी प्रकाशात शहर नम्र आहे. खरे धनी आहेत ते क्षितिजावरचे डोंगर. कागदावर जी फूटपट्टीने ओढलेली रेघ भासली असती, ती येथे पायाखालच्या शिखरापासून जलाशय ओलांडून थेट दूरच्या बिंबेरी पर्वताकडे जाते, आणि ती तशीच का हवी याची खूण पाहताक्षणी पटते. अर्थात् हे चित्र योजनेचा अलंकार नसून तिचे प्रमाण आहे.

तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. इतक्या उंचीवरून डोंगर दिसतो, मनुष्य दिसत नाही. कोणाच्या घरी चूल कशी पेटेल, मुले कोठे खेळतील, हे प्रश्न त्या सुंदर प्रकाशात विरून जातात. नगर हे पाहण्यापेक्षा राहण्यासाठी असते, याचा विसर पाडण्याचे सामर्थ्य अशा चित्रांत असते; म्हणूनच रसिकाने येथे सावध राहावे.

काळाचा निवाडा मात्र मार्मिक आहे. वॉल्टर १९३७ साली आपल्या लखनौस वारले, मॅरियन १९६१ साली. नियोजित तलाव भरला तो १९६४ मध्ये. टेकडीवरची पायऱ्यापायऱ्यांची कॅपिटॉल इमारत कधीच उठली नाही. त्या जागी १९८८ साली पार्लमेंट-भवन झाले. चित्रातल्या इमारती गेल्या, पण शिखर आणि नगर यांचे नाते टिकले. आमच्या मते कल्पनेची खरी कसोटी हीच. आणि तीत उतरणाऱ्या हाताचे नाव पारितोषिकाच्या मानकऱ्याबरोबरच घेतले गेले पाहिजे.