पांडुरंग सांगवीकर कोणाला सांगतो?

भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली प्रसिद्ध झाली. तेव्हापासून तिच्यावर इतके लिहिले गेले आहे की त्यात आणखी एका टिपणाची भर घालताना हात थोडा आखडतो. तरी ती घालतो आहे, याचे कारण माझ्या विद्वत्तेत नसून आमच्या नामपूरच्या एका मुलाने विचारलेल्या प्रश्नात आहे.

हा मुलगा माझा विद्यार्थी. बारावीनंतर पुण्याला शिकायला गेला, वसतिगृहात राहिला, आणि दिवाळीची सुट्टी लागायच्या आधीच वळकटी बांधून परत आला. घरचे म्हणाले, मन लागले नाही. बाजारपेठेतले लोक म्हणाले, पोरगे भित्रे निघाले. मी मास्तर, मी ‘हिंमत धर’ म्हणालो आणि वसतिगृहातल्या मुलाची कादंबरी म्हणून ‘कोसला’ त्याच्या हाती दिली. आठ दिवसांनी त्याने पुस्तक परत आणले. ‘कळले का रे?’ मी विचारले. थोडा वेळ तो पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरत राहिला. मग आपल्या अहिराणीत म्हणाला, ‘सर, हाऊ कोनले सांगी ऱ्हायना?’ हा कोणाला सांगतो आहे?

मला उत्तर देता आले नाही. इतकी वर्षे मी वर्गात ‘कोसला’विषयी बोलताना अस्तित्ववाद, परात्मता, मूल्यांचा ऱ्हास असे शब्द फळ्यावर लिहीत आलो होतो. त्या शब्दांच्या आड हा साधा प्रश्न मला कधी दिसलाच नव्हता.

तो नीट समजावा म्हणून ‘कोसला’च्या शेजारी आपण एक जुने, घरोघरचे पुस्तक ठेवू. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुस्तकाला प्रकरणे नाहीत, बेचाळीस रात्री आहेत. संध्याकाळची प्रार्थना झाली की आश्रमातले सोबती जमतात, आणि श्याम त्यांना आपल्या आईच्या आठवणी सांगतो. त्याचे दुःख काही लहान नाही. दारिद्र्य, अपमान, आईचा मृत्यू हे सारे त्यात आहे. पण प्रत्येक रात्री ऐकायला माणसे बसलेली आहेत. श्यामचा कंठ दाटला की कोणीतरी तो दाटलेला पाहते. या पुस्तकाला हळवे म्हणून नाक मुरडणाऱ्या टीकाकारांचे लक्ष त्याच्या या रचनेकडे फारसे गेले नाही. आईइतकीच ती ऐकणाऱ्यांचीही कथा आहे.

आता पांडुरंग सांगवीकराकडे या. तोही ‘मी’ म्हणूनच बोलतो, तोही खानदेशातल्या खेड्यातून आलेला आहे. पण त्याच्यासमोर कोणीही बसलेले नाही. पुण्याला आल्यावर हा मुलगा अंग चोरून कोपऱ्यात बसत नाही, हे मात्र ध्यानात घेतले पाहिजे. वसतिगृह, वादविवाद, समारंभ, मेसचा कारभार, सगळीकडे तो पुढे होतो. सगळ्यांच्या उपयोगी पडावे, आपण यांच्यातले व्हावे, अशी त्याची धडपड आहे. आणि याच धडपडीत तो पैशांनीही बुडतो आणि मनानेही. खोलीवर मित्र पुष्कळ येतात. चहा होतो, सिगारेटी होतात, थट्टा तर अखंड चालते. त्या थट्टेला आपण आजवर ‘कोसला’ची विनोदबुद्धी म्हणत आलो. ती आहेच. पण एकदा त्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांनी पुस्तक वाचले, तेव्हा मला ती थट्टा दाराला लावलेल्या कडीसारखी वाटली. आतले कोणाला दिसू नये म्हणून ती लावलेली आहे.

मग धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते. इथे ती कडी निखळते. मराठी गद्यात भावाने बहिणीसाठी केलेला इतका उघडा आक्रोश मला दुसरा माहीत नाही. आणि तो आक्रोशही कोणाच्या खांद्यावर डोके ठेवून केलेला नाही, तो कागदावरच आहे. श्यामला बेचाळीस रात्री मिळाल्या; पांडुरंगाला एकही नाही. दोन पुस्तकांत तीस वर्षांचे अंतर आहे. तेवढ्या काळात सांगणारा तोच राहिला, आणि ऐकणारे उठून गेले. ‘कोसला’चे खरे नवेपण मला इथे दिसते. तिची मोडकी, पुन्हापुन्हा मागे वळणारी भाषा ही नुसती शैली नव्हे. समोर मान डोलावणारे कोणी नसले म्हणजे माणूस असाच बोलतो. आमच्या बागलाणातली अहिराणी आणि नेमाड्यांकडची लेवा बोली एक नव्हे. पण आपली बोली गिळून पुण्यात ‘शुद्ध’ बोलताना जीभ कशी अडखळते, ते दोन्हीकडच्या मुलांना सारखेच ठाऊक आहे.

यावर कोणी सहज म्हणेल, तर मग मुलांना गावीच ठेवा, इथे सगळे आपलेच आहेत. हा उपाय ‘कोसला’ला मान्य नाही, आणि हा तिचा मोठा प्रामाणिकपणा आहे. पांडुरंग गावी परततो, पण गाव काही आईची मांडी होऊन त्याची वाट पाहत नसते. बापाशी त्याचे जमत नाही, आणि पुण्यात जे रितेपण होते ते इथेही त्याच्या मागोमाग येते. आमच्या मोसमकाठीही मी हेच पाहिले. परत आलेल्या मुलाला नामपूरने कांद्याच्या भावाबद्दल विचारले, पुढे काय करणार म्हणून विचारले. काय झाले, हे कोणी विचारले नाही. मीही नाही.

इथे माझे म्हणणे फार सरळ होऊ पाहते आहे, म्हणून त्याला एक आडकाठी घालतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, तिथले छात्रालय त्यांनी सांभाळले. मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांच्यासाठी रोज हाताने दैनिक लिहिले, त्यांची दुखणी काढली. परक्या गावातल्या मुलाला आपलेपणा कसा द्यावा, याचा याहून मोठा वस्तुपाठ आपल्याकडे नाही. आणि याच माणसाने ११ जून १९५० रोजी स्वतःची जीवनयात्रा संपवली. त्याची कारणे शोधत बसण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. एवढेच म्हणतो, की माया आणि मंडळी यांनी सगळेच भागते असे नाही. मनालाही आजार होतो आणि त्याला वैद्य लागतो. आज सरकारच्या टेलिमानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर कोणालाही बोलता येते. कादंबरीने ते काम करावे, अशी अपेक्षा धरू नये.

मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त (२००४) आणीबाणीच्या काळातली नववीतली मुले आहेत. अर्धवट बांधलेल्या इमारतीत त्यांची चौकडी जमते, तोच त्यांचा आश्रम. वर्ष सरते, शिरोडकर गाव सोडून जाते, चौकडी विस्कटते, आणि मुकुंदापुढे दहावी येऊन उभी राहते. बोकिलांचे वाचक त्या प्रेमासाठी हळहळतात. मला ती इमारत गेल्याचे अधिक वाईट वाटते.

या वाटेवरचा पुढचा मुक्काम मला पुस्तकाऐवजी चित्रपटात सापडला. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. जीव नकोसा झालेला एक तरुण जानकी नावाच्या परक्या बाईच्या कोकणातल्या घरी येऊन पडतो. ती स्वतःही मनाच्या दुखण्यातून जात असते. ती त्याला खायला घालते, निजू देते, आणि त्याच्या भूतकाळाची उलटतपासणी करीत नाही. चित्रपट कुठे कुठे बोधप्रद होतो, कासवाचे प्रतीक थोडे जास्तच दाखवतो, हे कबूल. तरी त्याने एक गोष्ट नेमकी पकडली: बोलणे सुरू व्हायच्या आधी ऐकणाऱ्याला पुष्कळ वेळ गप्प बसता आले पाहिजे. श्यामच्या सोबत्यांना ते येत होते. पांडुरंगाच्या मित्रांना ते आले नाही.

दिवाळीच्या फराळाबरोबर हे कशाला, असे एखादी गृहिणी म्हणेल. पण याच चार दिवसांत पुण्या-नाशिकच्या वसतिगृहांतून मुलेमुली घरी येतात. एस.टी.तून उतरलेल्या मुलाला आपण पहिल्यांदा मार्क विचारतो, मग त्याची तब्येत उतरली म्हणतो, मग शेजारच्या मुलाचे कौतुक सांगतो. यंदा पाहा, थोडे थांबता येते का.

माझा तो विद्यार्थी पुढे मालेगावच्या कॉलेजात जाऊ लागला. एका संध्याकाळी आला आणि दोन तास बोलत बसला. काय बोलला, ते इथे सांगण्याचे नाही. ‘कोसला’ त्या वेळी आमच्या दोघांमध्ये टेबलावरच पडलेली होती. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या दिवशी थोडेसे सुचले: पांडुरंग सांगवीकर ज्याला सांगतो आहे तो माणूस पुस्तकात नाही. त्याने पुस्तक मिटल्यावर यायचे आहे.