आठवड्यागणिक विचारलेला प्रश्न

हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्यांविषयी बोलताना ‘पाल्हाळ’ हा शब्द आपल्या तोंडी सहज येतो. वर्गात ‘पण लक्षात कोण घेतो?’ शिकवताना मीही तो वर्षानुवर्षे वापरला. कथानक सैल आहे, पुनरुक्ती फार आहे, एक तृतीयांश मजकूर गाळला तरी कादंबरीचे काही बिघडणार नाही, असे मी बिनदिक्कत सांगत असे. पुढे एका वाचनालयात एका जुन्या मासिकाचे बांधीव खंड चाळण्याचा योग आला आणि माझा आत्मविश्वास डळमळला. बांधणाऱ्याने वेष्टने आणि जाहिरातींची पाने काढून टाकली होती, कडा छाटल्या होत्या. त्यात क्रमशः येणारी एक कादंबरी होती. तिचा एक भाग कुठे संपला आणि वाचक महिनाभर कुठे थांबला, हे शोधताना माझी दमछाक झाली. तेव्हा जाणवले की जे त्या बांधणाऱ्याने केले, तेच मी आपट्यांच्या बाबतीत करत आलो होतो.

हप्त्याहप्त्याने पुस्तक विकण्याची रीत आपट्यांच्या आधीची. चार्ल्स डिकन्सची ‘पिकविक पेपर्स’ १८३६-३७ मध्ये दरमहा एका शिलिंगाच्या भागांनी निघाली. त्या काळी नवी तीनखंडी कादंबरी साडेएकतीस शिलिंगांना पडे. तेवढे पैसे एकरकमी काढू न शकणारा कारकूनही महिन्याला एक शिलिंग देऊ शकत होता. सुरुवातीला शेकड्यांत असलेला खप अखेरीस ४०,००० च्या घरात गेला. पुढे या भागांचे संग्राहकही निर्माण झाले. हॅटन आणि क्लीव्हर या दोघांनी १९३३ साली डिकन्सच्या अशा प्रकाशनांची सूची केली, तीत प्रत्येक भागाची वेष्टने आणि आतल्या जाहिरातीसुद्धा बारकाईने नोंदवल्या. ही हौशी माणसांची वेडगळ चिकाटी वाटेल. पण मूळ वाचकाच्या हाती नेमके काय पडत होते, हे त्या चिकाटीमुळेच आज सांगता येते.

आपट्यांची वाट थोडी वेगळी होती. डिकन्सचा मासिक भाग सुटा विकला जाई. त्याला स्वतःच्या बळावर गिऱ्हाईक मिळवावे लागे. ‘पण लक्षात कोण घेतो?’ मात्र १८९० साली आपट्यांनीच सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून आली आणि १८९३ पर्यंत चालली. घरी येणाऱ्या अंकाबरोबर यमूही येत होती. म्हणजे कादंबरीतला काळ आणि वाचकाचा काळ बरोबरीने चालत होते. आज दोन दिवसांत संपणारे यमूचे आयुष्य त्या वाचकाने दोन-अडीच वर्षे सोबत काढले. आठ दिवसांनी नवा भाग हाती घेणाऱ्याला मागचे आठवून द्यावेच लागते. शंकरमामंजींच्या कारवायांचा पुन्हा उल्लेख, दुर्गीच्या हालअपेष्टांकडे पुन्हा वळणे, ‘मी मागे सांगितलेच आहे’ अशा धर्तीची यमूची बोलण्याची ढब, हे सगळे बांधीव पुस्तकात खटकते. साप्ताहिकात ती वाचकाची सोय होती.

त्याहून महत्त्वाची गोष्ट शीर्षकाची. पुस्तकावर ते एकदा वाचून आपण पान उलटतो. साप्ताहिकात तोच प्रश्न नव्या भागाच्या माथ्यावर पुन्हा पुन्हा उभा राही. आणि तो काळ कोणता? संमतिवयाच्या विधेयकावरून पुणे दुभंगले होते, टिळक आणि सुधारक पक्ष समोरासमोर होते. मार्च १८९१ मध्ये संमतिवय १० वरून १२ वर नेणारा कायदा झाला, तेव्हा ही कादंबरी चालू होती. वादात शास्त्रवचने, सरकारचा अधिकार, समाजाचा स्वाभिमान यांचा खल चालला होता. जिच्याविषयी वाद होता ती मुलगी त्यात क्वचितच बोलत होती. इथे ती ‘मी’ म्हणून बोलत होती, आणि घरात येऊन बोलत होती. विधवा यमूच्या केशवपनापर्यंत वाचक पोहोचला, तो तिला लहानपणापासून ओळखत असलेला माणूस म्हणून. व्याख्यानाला उत्तर देता येते. ओळखीच्या मुलीला काय उत्तर देणार?

एवढ्यावरून पाल्हाळाचा आरोप सरसकट रद्द करावा, असे मी म्हणणार नाही. रकाने भरण्याची निकड आपट्यांनाही होती, आणि काही पाने त्या निकडीनेच लिहिल्यासारखी वाटतात. हप्त्यांचा दुसरा धोकाही त्यांच्याच लेखनात दिसतो. ‘एडविन ड्रूड’ अपुरी राहिली ती १८७० मध्ये डिकन्सला मृत्यूने गाठले म्हणून. ‘यशवंतराव खरे’ मात्र १८९५ च्या सुमारास थांबली आणि आपटे त्यानंतर १९१९ पर्यंत हयात होते. अंक पुढे निघत राहिला, की त्यातली एखादी कादंबरी मागे राहून जाऊ शकते. सुटे भाग विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या हाती अशी अर्धवट वस्तू ठेवून उठता आले नसते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच की दोष काढायचा तर तो भागांच्या हिशेबाने काढावा. त्यासाठी तशी प्रत हवी. माझ्या हाती आलेल्या आवृत्त्यांत प्रकरणे आहेत, पण कोणता मजकूर कोणत्या तारखेच्या अंकात आला, याची समासात साधी नोंदही नाही. अशी एक आवृत्ती करणे हे काही अवाढव्य काम नव्हे. जुने अंक जिथे शाबूत आहेत तिथे बसून तारखा उतरवून घ्यायच्या, एवढेच. ते जीर्ण कागद हाताळण्याजोगे आहेत तोवर हे व्हायला हवे.

वर्गात मी आता कादंबरीचा तिसरा हिस्सा गाळायला सांगत नाही. विद्यार्थ्यांना आठवड्याला थोडीच पाने वाचायला देतो. पुढची पाने आधीच वाचून येणारे अर्थात निघतातच. पण जे थांबतात, ते पुढच्या आठवड्यात वर्गात शिरता शिरता यमूचे काय झाले, ते विचारतात. पाल्हाळाची तक्रार त्यांच्याकडून अजून तरी आलेली नाही.