विजेत्यांची नामावळी कशी वाचावी?

इंग्लंडातील फुटबॉलच्या सर्वोच्च श्रेणीत अजिंक्य ठरलेल्या संघांची नामावळी १८८९ पासून चालत आलेली आहे. दोन महायुद्धांमुळे तीत खंड पडला, तेवढा सोडला तर ती एखाद्या राजघराण्याच्या वंशावळीसारखी आहे, आणि वंशावळीसारखीच ती वाचली जाते. कोणाच्या नावावर किती विजेतेपदे याची बेरीज करावयाची आणि ज्याचा आकडा मोठा त्यास थोर म्हणून मोकळे व्हावयाचे! २०२५ साली लिव्हरपूलने विसावे विजेतेपद मिळवून मँचेस्टर युनायटेडची बरोबरी केली, तेव्हा ही बेरीज पुन्हा एकदा मोठ्या हिरिरीने मांडली गेली. बेरजेस आमची हरकत नाही. परंतु ही नामावळी म्हणजे शंभराहून अधिक निवाड्यांचा संग्रह आहे, आणि निवाडा कोणत्या कायद्याखाली झाला हे पाहिल्यावाचून त्याची योग्यता ठरविता येत नाही.

‘अजिंक्य’ हा आपला मराठी शब्द येथे फारच उदारपणे वापरला जातो. एकही सामना न गमावता विजेते झालेले संघ या साऱ्या इतिहासात दोनच: १८८८-८९ चा प्रेस्टन नॉर्थ एंड आणि २००३-०४ चा आर्सेनल. पहिल्याचे सामने २२, दुसऱ्याचे ३८. त्या ३८ पैकी १२ बरोबरीत सुटलेले. बाकीचे सारे ‘अजिंक्य’ कोठे ना कोठे जिंकले गेलेलेच आहेत.

अ‍ॅस्टन व्हिलाचे विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने १८८८ मध्ये ‘फुटबॉल लीग’ स्थापन झाली. तीत संघ बारा: सहा लँकेशायरचे, सहा मध्य इंग्लंडचे. लंडनचा एकही नाही. ज्या गिरणगावांतून मजुरांस शनिवारी अर्धी सुट्टी मिळू लागली होती आणि जेथे खेळाडूस उघडपणे वेतन देण्यात कमीपणा वाटत नव्हता, तेथेच हा खेळ वाढला. विजयास दोन गुण व बरोबरीस एक, हा नियमदेखील पहिला हंगाम सुरू होऊन काही आठवडे लोटल्यावर ठरला. गुण कसे द्यावयाचे हे परीक्षा सुरू झाल्यावर ठरविण्याची रीत केवळ विद्यापीठांचीच नाही, हे पाहून आम्हांस थोडे बरे वाटले. लंडनच्या वाट्यास पहिले विजेतेपद आले ते १९३१ मध्ये, आर्सेनलच्या रूपाने; आणि तेही हर्बर्ट चॅपमन यांच्या हातून, ज्यांनी त्यापूर्वी यॉर्कशायरच्या हडर्सफील्ड टाउनला १९२४ व १९२५ मध्ये विजेते केले होते.

यांपैकी १९२४ चा निवाडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. हडर्सफील्ड आणि वेल्समधील कार्डिफ सिटी यांचे गुण सारखेच, ५७. हडर्सफील्डने ६० गोल करून ३३ स्वीकारले. कार्डिफने ६१ करून ३४ स्वीकारले. त्या काळचा नियम सरासरीचा, म्हणजे केलेल्या गोलांस स्वीकारलेल्या गोलांनी भागावयाचे. भागाकार येतो तो अनुक्रमे १.८१८ आणि १.७९४. एवढ्याशा अपूर्णांकावर विजेतेपद हडर्सफील्डला गेले. पुढे १९७६ मध्ये भागाकार जाऊन वजाबाकी आली. वजाबाकी केली तर दोघांचाही फरक २७. अशा वेळी ज्याचे गोल अधिक तो पुढे, म्हणजे कार्डिफ! शेवटच्या दिवशी बर्मिंगहॅम येथे कार्डिफने एक पेनल्टी वाया घालविली नसती, तर हे गणित मांडण्याचीही गरज पडली नसती. इंग्लंडबाहेरील संघाचे नाव या नामावळीत आजवर आलेले नाही.

आता १९८९ घ्या. अखेरचा सामना लिव्हरपूलच्या मैदानावर. आर्सेनलला दोन गोलांच्या फरकाने विजय हवा होता. मायकेल थॉमसने अगदी शेवटच्या क्षणी दुसरा गोल केला आणि दोन्ही संघांचे गुण ७६ झाले. आर्सेनलचे गोल ७३-३६, लिव्हरपूलचे ६५-२८. वजाबाकी दोहोंकडे ३७. अधिक गोलांमुळे आर्सेनल विजेता ठरला. जुना भागाकार असता तर लिव्हरपूल २.३२ आणि आर्सेनल २.०३, म्हणजे निकाल सरळ उलटा. तीच गोष्ट १९९५ ची. ब्लॅकबर्न ८९, मँचेस्टर युनायटेड ८८. विजयास तीन गुण देण्याची पद्धत १९८१ मध्ये आली. जुन्या दोन गुणांनी मोजले तर दोघांचे ६२ होतात आणि गोलफरकावर युनायटेड पुढे जाते. नियम निराळा असता तर खेळही निराळा झाला असता, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्तच आहे. बचाव करून भागाकार वाढवावा की चढाई करून वजाबाकी, हे नियमच खेळाडूस शिकवितो. मग निरनिराळ्या शाळांतील गुणपत्रिका एकत्र जोडून पहिला क्रमांक काढण्यात अर्थ तो काय?

नियमाइतकाच थैलीचाही विचार करावा लागतो. १९०१ पासून खेळाडूच्या वेतनास कमाल मर्यादा होती. १९६१ मध्ये ती उठली तेव्हा आठवड्यास वीस पौंड एवढी होती. १९५९ ते १९६५ या सात वर्षांत सात निराळे संघ विजेते झाले: वुल्व्हज, बर्नली, टॉटनहॅम, इप्सविच, एव्हर्टन, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड. पुढे १९८३ पासून तिकिटांचे उत्पन्न यजमान संघच ठेवू लागला, आणि १९९२ मध्ये सर्वोच्च श्रेणीने ‘प्रीमियर लीग’ म्हणून आपली चूल वेगळी मांडली व दूरदर्शनचा पैसा प्रामुख्याने तिच्याकडे वळला. १९९३ ते २०२५ या तेहतीस हंगामांतही विजेते निघाले ते सातच. मात्र हे सर्व पैशानेच घडविले असे म्हणणाऱ्यांसही आम्ही साथ देणार नाही. १९७३ ते १९९० या अठरा हंगामांत लिव्हरपूलने अकरा विजेतेपदे घेतली. तेव्हा प्रीमियर लीग जन्मासही आलेली नव्हती.

ज्यांचा इतिहास १९९२ पासूनच सुरू होतो, त्यांच्याविषयी मात्र आमची तक्रार आहे. त्यांच्या हिशेबात एव्हर्टनची नऊच्या नऊ विजेतेपदे नाहीशी होतात. १९२७-२८ मध्ये डिक्सी डीनने एका हंगामात केलेले ६० गोलही उच्चांकाच्या बाहेर पडतात. पाटी बदलली म्हणून दुकानाची जुनी खातेवही जाळून टाकणारा वाणी आम्ही अजून पाहिलेला नाही.

या दृष्टीने इप्सविच आणि लेस्टर ही दोन नावे शेजारी ठेवून पाहावीत. इप्सविच सर्वोच्च श्रेणीत आले आणि त्याच पहिल्या हंगामात, १९६२ मध्ये, आल्फ रॅम्सी यांच्या मार्गदर्शनाखाली विजेते झाले. १९६४ मध्ये खालच्या श्रेणीत गेले. लेस्टर २०१६ मध्ये विजेते झाले, तेव्हा हंगामापूर्वी त्यांच्यावर एकास पाच हजार असा भाव होता. २०२३ मध्ये तेही खाली उतरले. दोन्ही कथा वरवर सारख्याच दिसतात. परंतु नामावळीत इप्सविचच्या दोन ओळी वर लाखाच्या आतील वस्तीच्या बर्नलीचे नाव आहे, आणि लेस्टरच्या वरही चेल्सी, खालीही चेल्सी.