देवराई : देव गाळून उरते ती राई

एकलहऱ्यात देवराईवर बोलायचं म्हणजे बाहेर औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या आणि आत विषय झाडांचा. पण हा विषय इथेच बोलायला हवा. वीज आपल्याला लागते, लोखंडही लागतं, आणि ते ज्या जमिनीतून निघतं, तिथल्या रानात पुष्कळदा कुणाचा तरी देव असतो.

आपण शिकलेली माणसं देवराईचं कौतुक कसं करतो? जैवविविधता टिकते, झरे आटत नाहीत, औषधी वनस्पती सापडतात. हे खरंच आहे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवराया अभ्यासकांपुढे आणल्या, त्याबद्दल आपण त्यांचे ऋणी आहोत. त्यांचा १९७६ चा निबंध छापला गेला तो 'इकॉनॉमिक बॉटनी' या नियतकालिकात. दोष त्यांचा नाही. पण आपण काय केलं? राई घेतली, देव गाळला. 'आदिवासी देव म्हणतात, पण खरं तर ते निसर्ग राखतात,' असं आपण म्हणतो. या 'खरं तर'मध्येच सगळी गोम आहे.

कारण उपयोगासाठी जे राखलं, ते मोठा उपयोग दिसला की मोडता येतं. इथलं रान तोडा, तिकडे तेवढंच लावा. पर्यायी वनीकरण झालं! गडचिरोलीत सुरजागडला माडिया गोंड दर जानेवारीत ठाकूरदेवाच्या यात्रेला जमतात. त्याच डोंगररांगेत लोहखनिजाची खाण आहे. झाडं दुसरीकडे लावता येतील हो, ठाकूरदेव कुठे लावणार?

ओडिशातल्या नियमगिरीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली पूजेच्या हक्काचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवला. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. तिथे देव हिशेबात धरला गेला, म्हणून डोंगर वाचला.

उलट बाजूही पाहू. आपल्याच जिल्ह्यात सुरगाणा, कळवण, बागलाणकडे मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव होतो. तिथे डोंगर हाच देव. असल्या ठिकाणी सिमेंटचं देऊळ बांधायचं, वर पत्रा टाकायचा आणि गाड्या लावायला झाडं तोडायची, यात देव ठेवला, पण राई गाळली. चूक तीच.

आपल्यापैकी कुणी विचारेल, 'आम्ही देव मानत नाही, मग आम्ही काय करायचं?' मानू नका. आम्ही तत्त्वज्ञान शिकवणारेही त्याचा पुरावा देऊ शकलेलो नाही. पण काळारामाच्या मूर्तीऐवजी तेवढ्याच वजनाचा दगड देतो म्हटलं, तर पंचवटी ऐकून घेईल का? तिथे नास्तिकालाही कळतं की बदली होत नाही. तेवढंच आपण ठाकूरदेवाबाबत कळून घ्यायचं. एवढी समानता जमली, तरी पुष्कळ.